लिग्नोकेनला वाली कोण?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


२०२३ सालच्या एप्रिलमध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात परळच्या टाटा मेमोरियलचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ कर्करोग केंद्रांत मिळून तो केला होता. स्तनाच्या कर्करोगाची सुरुवातीची गाठ असलेल्या सुमारे १६०० स्त्रियांचे दोन गट पाडले. एका गटाची नेहमीसारखी शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटात सुरी लावण्याआधी गाठीच्या सहाही बाजूंनी अर्धा टक्का लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, टोचलं, सात ते दहा मिनिटं थांबले आणि मग गाठ काढली. या सगळ्या बायका पूर्ण भुलीखाली होत्या. त्यामुळे हे इंजेक्शन दुखू नये म्हणून दिलेलं नव्हतं. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या आणि दिलेल्या गटात ९०.१ टक्के. आजार न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेलं होतं. खर्च म्हणाल तर एका बाईमागे शंभर रुपयांच्या आसपास.

कर्करोगावरच्या नव्या औषधांच्या किमती लाखांत बोलल्या जातात आणि त्यांतली कित्येक औषधं आयुष्यात काही महिन्यांचीच भर घालतात. इथे शंभर बायकांमागे जवळपास चार जणी जास्त वाचल्या, आणि त्याही दात काढताना देतात त्या औषधाने. मी भूलतज्ज्ञ आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहते आणि आसपासच्या तालुक्यांतल्या लहानमोठ्या थिएटरांत भूल द्यायला जाते. मी जिथे जाते तिथे स्तनाच्या शस्त्रक्रियेत हे इंजेक्शन देताना क्वचितच कुणी दिसतं. विषय काढला की सर्जन मान डोलावतात आणि म्हणतात, "चांगलंय, पण दुसऱ्या कुणी करून पाहिलेलं नाही ना अजून."

आक्षेप खोटा नाही. टाटाच्या अभ्यासात इंजेक्शन न दिलेल्या गटाला नुसतं सलाइनही टोचलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काय दिलं हे सर्जनला माहीत होतं. भुलीच्या औषधांनी कर्करोगाला अटकाव होतो अशी आशा याआधीही लागली होती आणि ती फोल ठरली होती. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला आठ देशांतला अभ्यास याचं उदाहरण आहे. त्यात दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर स्तनाची शस्त्रक्रिया पाठीच्या कण्याशेजारच्या नसा बधिर करून केली, तर कर्करोग कमी उलटतो का, हे तपासलं. फरक शून्य. ब्रिटनमधल्या २७ रुग्णालयांत मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आतडं लवकर कामाला लागावं म्हणून शिरेतून लिग्नोकेन देऊन पाहिलं, त्याचाही उपयोग दिसला नाही. जगभरचे भूलतज्ज्ञ तोवर ते मोठ्या हौसेने देत होते. म्हणजे या औषधाचे नवे उपयोग सांगितले जातात ते सगळेच खरे ठरतात असं नाही.

पण टाटाच्या प्रयोगात औषध कुठे दिलं आणि कधी दिलं, याला महत्त्व आहे. ते शिरेत किंवा पाठीत न देता थेट गाठीभोवती दिलं, आणि सर्जनचा हात लागून पेशी सैल व्हायच्या आत दिलं. लिग्नोकेन मज्जातंतूच्या आवरणातली सोडियमची दारं बंद करतं, म्हणून संवेदना पुढे जात नाही. तशीच दारं स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशींवरही असतात आणि ती उघडी असली की त्या पेशी आजूबाजूच्या ऊतीत घुसतात, हे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले मुस्तफा जमगोझ प्रयोगशाळेत कित्येक वर्षं दाखवत आले आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी ही दारं बंद राहिली तर निसटणाऱ्या पेशी कमी, असा तर्क आहे. तर्क पटण्याजोगा आहे. तो पुन्हा तपासायला हवा, यावर माझं आणि आक्षेप घेणाऱ्या सर्जनचं एकमत आहे.

आता तपासणार कोण? हे औषध स्टॉकहोममध्ये निल्स लोफग्रेनने १९४३ साली तयार केलं. त्याच्या सहकाऱ्याने, बेंग्ट लुंडक्विस्टने, त्याचा प्रयोग स्वतःच्या अंगावर केला. १९४८ साली ते झायलोकेन या नावाने बाजारात आलं. पेटंट केव्हाच संपलं, आज ते कुणीही बनवतं. ज्या औषधातून कुणाला चार पैसे सुटत नाहीत त्याच्या मोठ्या चाचणीला कंपनी पैसे घालत नाही, त्यात तिचा दोषही नाही. टाटा मेमोरियल केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली चालतं, म्हणून तिथे हे होऊ शकलं. पुढचं पाऊल टाकायला तशीच सार्वजनिक पैशावर चालणारी रुग्णालयं लागतात. महाराष्ट्रात ती आपल्या खात्याकडे आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला.

याच औषधाबद्दलची दुसरी गोष्ट माझ्या रोजच्या कामातली आहे. पहिलीपेक्षा ती मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्यावरचा उपाय माहीत असूनही आपण तो करत नाही. ती गोष्ट म्हणजे 'ॲलर्जी'.

एक काका हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आले होते. शेतकरी माणूस, वय साठीच्या आसपास. मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून एक जुना केसपेपर काढून माझ्यापुढे ठेवला. त्याला चक्क लॅमिनेशन केलेलं होतं. वर लाल पेनाने लिहिलेलं, 'झायलो ॲलर्जी'. खाली दोन रेघा. बाकी एक अक्षर नाही. काय झालं, किती दिलं, किती वेळाने झालं, काहीच नाही.

"काका, नक्की काय झालं होतं?"

"दाढ काढायला गेलतो. सुई दिली आन् छातीत धडधडाया लागलं. हात थरथर. घाम फुटला. म्या म्हनलं, गेलो आता."

"अंगावर गांधी उठल्या? खाज सुटली? ओठ-डोळे सुजले?"

"न्हाय."

"दम लागला? घशातून शिट्टीसारखा आवाज?"

"न्हाय. झोपवलं, पानी पाजलं. धा मिन्टात उठून बसलो की."

दातांच्या इंजेक्शनात लिग्नोकेनबरोबर ॲड्रेनलिन असतं, साधारणतः ऐंशी हजारांत एक भाग. ते रक्तवाहिन्या आकसवतं, भूल टिकते, रक्त कमी जातं. पण त्यातलं थोडं जरी शिरेत गेलं तरी छाती धडधडते, हात कापतात, माणूस घाबरतो. त्यात सुईची भीती मिसळली की घाम आणि घेरी आलीच. ही ॲलर्जी नव्हे. तरी ते दोन शब्द लिहिले गेले आणि पुढची वीस-एक वर्षं एकाही दातांच्या डॉक्टरने काकांना हात लावला नाही. त्यांनी तोंड उघडून दाखवलं तेव्हा मागच्या दाढांच्या जागी किडके खुंट उरले होते. दुखलं की लवंग धरायची, गोळी खायची, एका कुशीवर झोपायचं, असं त्यांनी ते निभावलं होतं.

आम्ही त्यांची रीतसर तपासणी केली. सर्दी-खाजेच्या गोळ्या आधी काही दिवस बंद ठेवल्या. टिकाऊपणाचं रसायन आणि ॲड्रेनलिन यांतलं काहीही नसलेलं लिग्नोकेन मागवलं. आधी हातावर नुसती टोच, शेजारी तुलनेसाठी सलाइन आणि हिस्टामिन. मग पातळ करून कातडीत. मग दंडाच्या कातडीखाली थोडं थोडं वाढवत, प्रत्येक वेळी थांबून, नाडी-रक्तदाब बघत. अर्धा दिवस गेला. शेजारी ॲड्रेनलिन भरलेली सिरिंज, ऑक्सिजन, मॉनिटर, सगळं तयार होतं. हे दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खाटेवर करायचं काम नाही, हेही इथेच सांगते. काकांना काही झालं नाही. मुलगा म्हणाला, "मॅडम, तसं लिहून द्या. मागचं लिहिलेलं होतं म्हणून एवढं रामायण झालं." मी लिहून दिलं. त्याने विचारून घेतलं की यालाही लॅमिनेशन केलं तर चालेल ना.

लिग्नोकेन किंवा ब्युपिवॅकेन या जातीच्या औषधांची खरी ॲलर्जी असते, पण फार दुर्मीळ. 'ॲलर्जी आली' म्हणून नोंदवलेल्या प्रकरणांत ती एक टक्क्याहून कमी निघते. प्रोकेन, बेंझोकेन ही जुनी जात वेगळी. तिच्या विघटनातून पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल तयार होतं आणि ते काहींना सोसत नाही. लिग्नोकेनच्या मोठ्या बाटलीत, म्हणजे अनेकांना पुरवायच्या ३० मिलीच्या वायलमध्ये, औषध टिकावं म्हणून मिथाइलपॅराबेन घातलेलं असतं. ते रसायन त्या आम्लाच्या कुळातलंच. ॲड्रेनलिनच्या बाटलीत सल्फाइट असतं. कधी हातमोज्यांचं रबर नडतं, कधी कातडी पुसायचं क्लोरहेक्सिडिन, कधी त्याच वेळी दिलेलं अँटिबायोटिक. केसपेपरवर नाव मात्र लिग्नोकेनचंच लागतं आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो. तो पुढच्या शस्त्रक्रियेत पुन्हा भेटतो.

आणखी एक प्रकार आहे, आणि त्याबद्दल आमच्या धंद्यात उघडपणे फारसं बोललं जात नाही. तो म्हणजे जास्त झालेलं औषध. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे साडेचार मिलिग्रॅम. चाळीस किलोच्या बाईला १८० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचं फक्त ९ मिली. ३० मिलीच्या वायलमध्ये ६०० मिलिग्रॅम असतं. घाईत, जखम मोठी असताना, किती गेलं याचा हिशेब सुटणं अवघड नाही. मग ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडाला धातूची चव येते, कानात आवाज होतो, माणूस असंबद्ध बोलतो, फिट येते. ब्युपिवॅकेनने तर हृदय बंद पडतं. अशा वेळी रुग्ण वाचला तर कागदावर काय येतं? 'लोकलची', म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची, 'ॲलर्जी'. ॲलर्जी म्हटलं की दोष रुग्णाच्या अंगात जातो. मात्रेची चूक कुणाच्या नावावर लागत नाही आणि त्यातून कुणी काही शिकतही नाही. या विषबाधेवर उतारा आहे. शिरेतून द्यायचं २० टक्के चरबीचं दुधासारखं द्रावण. शिकागोच्या गाय वाइनबर्ग यांनी १९९८ साली ते उंदरांवर दाखवलं आणि २००६ पासून त्याने माणसं वाचल्याच्या नोंदी आहेत. सुरुवातीला किलोमागे दीड मिली झटक्यात द्यायचं. मी जिथे जाते त्यांतल्या बऱ्याच थिएटरांत ती बाटली नसते. माझ्या बॅगेत असते.

ॲलर्जीच्या या चुकीच्या शिक्क्याची सगळ्यात मोठी किंमत बाळंतिणी मोजतात. सिझरला मणक्यातून भूल देणं आईसाठी सर्वांत सुरक्षित. 'लोकलची ॲलर्जी' असा कागद पुढे आला की रात्री दोन वाजता लहान गावातला एकटा भूलतज्ज्ञ ती द्यायला धजत नाही. तो पूर्ण भूल देतो. नऊ महिन्यांच्या गरोदर बाईचा घसा सुजलेला असतो, नळी घालणं अवघड जातं, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. हे सगळं कुणीतरी कधीतरी गांधी उठल्या होत्या का एवढंही न विचारता लिहिलेल्या दोन शब्दांपायी.

तुम्ही म्हणाल, इंजेक्शनआधी 'टेस्ट डोस' देतात की. देतात, आणि तीच तर पंचाईत आहे. त्याच मोठ्या वायलमधून, पातळ न करता थेंबभर कातडीत टोचायचं आणि पंधरा मिनिटांनी लाल दिसतंय का बघायचं. पूर्वी कधी काही झालेलं नसलेल्या माणसात या चाचणीला शास्त्रात आधार नाही. पातळ न केलेलं औषध कातडीत टोचलं की ती नुसत्या चुरचुरीनेही लाल होते, आणि निर्धोक माणसाला जन्माचा शिक्का बसतो. तरी सगळे हे करतात, कारण उद्या कोर्टात 'टेस्ट डोस दिला होता का?' असं विचारलं जाईल ही भीती आहे. मी डॉक्टरांना दोष देत नाही. ती भीती काढायची तर वरून लेखी काही यायला हवं.

म्हणून माझ्या मागण्या. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बधिरीकरणशास्त्र आणि त्वचारोग हे दोन विभाग मिळून आठवड्यातला एक दिवस भुलीच्या औषधांच्या ॲलर्जीची तपासणी करू शकतात. नवी इमारत नको, नवं यंत्र नको. खाट, मॉनिटर, आपत्कालीन औषधं आहेतच. टिकाऊपणाचं रसायन नसलेल्या एकेरी मात्रेच्या बाटल्या तेवढ्या खरेदी यादीत घालाव्या लागतील. चरबीच्या द्रावणाच्या दोन बाटल्या प्रत्येक थिएटरात असाव्यात, हेही त्याच आदेशात येऊ द्या. केसपेपरवर 'ॲलर्जी' या चौकटीखाली चार ओळी छापून घ्या: औषध कोणतं, ॲड्रेनलिनसह की त्याविना, किती मिनिटांनी, काय दिसलं. हे भरल्याशिवाय ॲलर्जी लिहायची नाही. आणि तपासणीत ती नाही असं ठरलं, तर ते प्रमाणपत्रही त्याच सहीशिक्क्याने द्यायचं. जिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत हे मला ठाऊक आहे. रुग्णाला ते ठाऊक नसतं आणि असायचं कारणही नाही. तेव्हा तो आदेश दोन्ही खात्यांनी मिळून काढला तर बरं.

आता टाटाच्या इंजेक्शनाविषयी. त्यासाठी माझ्याकडे एक सूचना आहे, थोडी आमच्याच लोकांना टोचणारी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात दरवर्षी बधिरीकरणशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी थिसिस लिहितात. त्यांतले कितीतरी एकाच सुरातले असतात: ब्युपिवॅकेनमध्ये अमुक औषध मिसळलं तर भूल किती मिनिटं जास्त टिकते. औषध बदलतं, रुग्णांचा आकडा साठ-सत्तरच्या पुढे जात नाही, निष्कर्ष आधीच माहीत असतो आणि थिसिस ग्रंथालयात धूळ खातो. या मुलांचा दोष नाही, दोन वर्षांत पुरं होईल असंच त्यांना काहीतरी हवं असतं. त्याऐवजी राज्यातल्या शासकीय महाविद्यालयांनी एकच सामायिक आराखडा घेतला तर? स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया, गाठीभोवती अर्धा टक्का लिग्नोकेन किंवा सलाइन, कोणत्या सिरिंजमध्ये काय हे सर्जनला न कळता. म्हणजे टाटाच्या अभ्यासावरचा तो एक मोठा आक्षेपही उरणार नाही. प्रत्येक महाविद्यालयातला विद्यार्थी आपल्या दोन वर्षांतले रुग्ण त्यात घालील आणि पुढची तुकडी ते काम पुढे नेईल. पाच वर्षांचा पाठपुरावा कुणा एका विद्यार्थ्याच्या आवाक्यात नसतो, विद्यापीठाच्या असतो. अर्ध्या टक्क्याचं द्रावण असेल तर चाळीस किलोच्या बाईलाही ३६ मिलीपर्यंत मर्यादेत बसतं, त्यामुळे मात्रेचा प्रश्न सांभाळता येतो. नैतिकता समिती, संमतिपत्र, विमा हे सगळं लागेल. लिग्नोकेनची ॲलर्जी असल्याचं सांगणाऱ्या बायकांना मात्र या चाचणीत घेता येणार नाही, आणि इंजेक्शन पुढे खरोखर उपयोगी ठरलं तर त्यांना ते मिळणारही नाही. म्हणून तपासणीचा दिवस आधी सुरू व्हायला हवा.

केसपेपरच्या चार ओळींना परिपत्रक पुरेल. तपासणीच्या दिवसाला दोन विभागप्रमुखांची संमती आणि एक खरेदी आदेश. सामायिक चाचणीसाठी विद्यापीठाची विद्या परिषद आणि टाटाच्या लोकांशी एक बैठक. या तिन्हीसाठी लागणारा मसुदा मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी करून ठेवला आहे. आपल्या कार्यालयाने कळवलं तर तो घेऊन मंत्रालयात येऊ. फक्त गुरुवार सोडून, त्या दिवशी माझी तालुक्याची लिस्ट असते.

आपली,
एक भूलतज्ज्ञ